आधी नोंद, मग दुरुस्ती

सर्व्हरमधल्या एखाद्या डिस्कवर अंबर दिवा लागला की पहिला हात जातो तो त्या डिस्कच्या खटक्याकडे. डिस्क ओढून बाहेर काढायची, थोडे थांबायचे, पुन्हा आत सरकवायची. दिवा हिरवा झाला तर प्रश्न मिटला असे धरून चालायचे. नाही झाला तर कपाटातली नवी डिस्क लावायची आणि रीबिल्ड सुरू झाले की सुटकेचा निःश्वास टाकायचा. बहुतेक वेळा हे निभावून जाते, आणि निभावून जाते म्हणूनच ही सवय मोडत नाही. ज्या दिवशी निभत नाही त्या दिवशी मात्र नेमके काय घडले हे सांगणारे हाताशी काहीच उरलेले नसते. जे सांगू शकले असते, म्हणजे स्टोरेज कंट्रोलरचा लॉग, ते याच धावपळीत पुसले गेलेले असते. या पुस्तिकेचा विषय तो लॉग सर्व्हरमधून बाहेर काढणे हा आहे. वरवर पाहता हे चार-दोन क्लिकचे किंवा एका कमांडचे काम. त्यासाठी वेगळी पुस्तिका कशाला, आणि तिला एवढी लांब प्रस्तावना कशाला, असे कुणालाही वाटेल. माझे म्हणणे असे, की एक्स्पोर्ट कसे करायचे हे थोडक्यात शिकता येते. ते कधी करायचे हे मात्र आपल्याकडे फारसे कुणी शिकवत नाही. लॉग बाहेर काढणे ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे. डिस्कला हात लावण्याआधीची, सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधीची, फर्मवेअर बदलण्याआधीची. ही क्रमवारी इतकी आग्रहाने का मांडायची, त्याची कारणे पुढे देतो.

सुरुवात कंट्रोलरच्या कामापासून करावी लागेल. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी एक निबंध सादर केला. एकच मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, माहिती त्यांच्यात वाटून ठेवावी, आणि एखादी डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून हरवलेला भाग पुन्हा काढता येईल इतकी जादा माहिती सोबत ठेवावी, असे त्याचे सूत्र. रेड हे नाव तिथून रूढ झाले. पुढे हा सगळा हिशेब सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसरवरून उचलून एका स्वतंत्र कार्डावर नेण्यात आला. डेलचे पर्क, एचपीईचे स्मार्ट ॲरे, ब्रॉडकॉमचे मेगारेड ही त्या कार्डांची आपल्या सर्व्हर रूममध्ये रोज कानावर पडणारी नावे. अशा कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, स्वतःचे फर्मवेअर असते. आठ डिस्क असोत की सोळा, ऑपरेटिंग सिस्टिमला ते एकच व्हर्च्युअल डिस्क दाखवते. मागे कोणत्या डिस्कने वाचायला नकार दिला, कोणती पुन्हापुन्हा रीसेट होते आहे, हरवलेला भाग कुठून भरून काढला, यातले काहीही वर कळू न देणे हेच त्या कार्डाचे काम. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर किंवा लिनक्सचा कर्नल लॉग उघडून तासन्‌तास बसणारी माणसे इथेच फसतात. तिथे दिसते ते कंट्रोलरने वर पाठवलेले तेवढेच. कंट्रोलरने जे परस्पर निस्तरले त्याचा तिथे बहुधा पत्ताच नसतो, आणि जे निस्तरता आले नाही ते निव्वळ वाचन-लेखनाची चूक म्हणून उमटते. कारण शोधायचे तर कार्डाच्या आतली वहीच उघडावी लागते.

मेगारेड घराण्यात, आणि डेलची पर्क कार्डे बहुतांशी याच घराण्यातली आहेत, ही वही दोन भागांत असते. पहिला भाग इव्हेंट लॉग. त्यात प्रत्येक घटनेला अनुक्रमांक, वेळ, घटनेचा कोड आणि एका ओळीचे वर्णन असते. दुसरा भाग टीटीवाय लॉग किंवा टर्मलॉग. त्यात फर्मवेअर स्वतःशी जे बोलते ते सगळे, अर्धवट संक्षेपांत आणि आकड्यांत. पहिला भाग थोड्या सरावाने कुणालाही वाचता येतो. दुसरा मुख्यतः कंपनीच्या इंजिनिअरसाठी असतो, पण गुंतागुंतीच्या बिघाडात निकाल तिथेच लागतो. दोघांत समान गोष्ट ही, की जागा मर्यादित असते आणि ती भरली की सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्यावर नवी लिहिली जाते. एरवी यात काही बिघडत नाही. पण एखादी डिस्क मरणपंथाला लागली की ती एकाच तक्रारीच्या शेकडो ओळी ओतू लागते. मग रीस्टार्टच्या वेळी प्रत्येक डिस्क नव्याने सापडल्याच्या ओळी, डिस्क काढली-घातली याच्या ओळी, बदललेल्या अवस्थांच्या ओळी. या गर्दीत बाहेर ढकलली जाते ती नेमकी सुरुवातीची नोंद, आणि बिघाडाचे कारण जवळपास नेहमी सुरुवातीलाच असते. अपघाताच्या जागेवरून गाड्या हलवण्याआधी पंचनामा का करतात हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. इथेही न्याय तोच आहे, फरक इतकाच की इथे पुरावा हलवणारा हात बहुधा मदतीला आलेल्या माणसाचाच असतो.

या नोंदी किती बोलक्या असतात ते एका ओळीवरून दाखवता येईल. मेगारेडच्या इव्हेंट लॉगमध्ये वारंवार भेटणारी ओळ ‘अनएक्स्पेक्टेड सेन्स’ या शब्दांनी सुरू होते. पुढे पीडी ०४ असा डिस्कचा क्रमांक, त्याला जोडून एन्क्लोजर आणि स्लॉट, मग सीडीबी २८ ०० अशी सुरू होणारी आकड्यांची रांग, आणि शेवटी सेन्स ३/११/००. सीडीबी म्हणजे कंट्रोलरने डिस्कला दिलेली आज्ञा. २८ म्हणजे ‘वाच’. रांगेतल्या पहिल्या दोन जोड्या सोडल्या की पुढच्या चार जोड्यांत डिस्कवरचा पत्ता असतो, म्हणजे कुठून वाचायचे ते. सेन्स हे डिस्कने दिलेले उत्तर. त्यातला ३ सांगतो की दोष चकतीच्या पृष्ठभागावर आहे, ११/०० सांगते की प्रयत्न करूनही तो भाग वाचता आला नाही. एवढ्या एका ओळीत कुणी विचारले, काय विचारले, कुठले विचारले आणि काय उत्तर मिळाले हे सगळे आले. आता याच जागी ६/२९/०० दिसले तर अर्थ पार बदलतो: डिस्क मध्येच रीसेट झाली किंवा तिची वीज जाऊन आली. मग संशय पृष्ठभागावर घ्यायचा नाही, वीजपुरवठा आणि बॅकप्लेन पाहायचे. सेन्सची सुरुवात बीने झाली तर आज्ञा अर्ध्यावर सोडली गेली, आणि अशी ओळ एकाच सुमारास अनेक स्लॉटवर दिसली तर त्या सगळ्या डिस्क एकदम बिघडल्या असे मानण्यापेक्षा त्यांना जोडणारी केबल आधी तपासणे शहाणपणाचे. पत्त्यांकडेही लक्ष द्यावे. तोच तो पत्ता पुन्हापुन्हा येत असेल तर एक जागा खराब आहे. पत्ते डिस्कभर विखुरलेले असतील तर दुखणे खोल आहे. हे आकडे कुठल्या एका कंपनीचे गुपित नव्हेत. ते स्कझी मानकात ठरलेले आहेत, म्हणून एकदा शिकलेले ज्ञान कार्ड बदलले तरी वाया जात नाही.

दिव्यावर विसंबू नये याला आकड्यांचाही आधार आहे. २००८ साली फास्ट या परिषदेत वायहांग जियांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटॲपच्या सुमारे ३९,००० स्टोरेज यंत्रणांचा, त्यांतल्या सुमारे १८ लाख डिस्कचा, ४४ महिन्यांचा अभ्यास मांडला. स्टोरेजच्या एकूण बिघाडांत खुद्द डिस्कचा वाटा, यंत्रणेच्या प्रकारानुसार, २० ते ५५ टक्के निघाला. केबल, एन्क्लोजर, त्यांचा वीजपुरवठा अशा जोडणीच्या भागांचा वाटा २७ ते ६८ टक्के. त्या यंत्रणा मोठ्या होत्या आणि कोपऱ्यातल्या एका टॉवर सर्व्हरला ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य. पण साखळी तीच असते: डिस्क, तिचा खाचेतला कनेक्टर, बॅकप्लेन, केबल, कार्ड. दिवा मात्र फक्त डिस्कवर असतो. त्यामुळे साखळीत कुठेही बिघाड झाला तरी ठपका डिस्कवर येतो, चांगली डिस्क काढून दुसरी चांगली डिस्क लावली जाते, आणि काही आठवड्यांनी त्याच स्लॉटवर पुन्हा तोच दिवा लागतो. लॉग जपून ठेवलेला असेल तर दोन्ही वेळच्या ओळी शेजारी ठेवून पाहता येतात, आणि स्लॉट तोच पण डिस्कचा सीरियल नंबर वेगळा हे दिसले की पुढे काय तपासायचे ते उघड होते.

रीबिल्डबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण इथे लॉग न पाहता केलेली घाई सर्वांत महाग पडते. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक भाग वाचावा लागतो. त्यांतल्या एखाद्या डिस्कवर कधीच न वाचलेल्या कोपऱ्यात दोष लपलेला असेल तर तो याच वेळी वर येतो, आणि त्या क्षणी तो भाग भरून काढायला पुरेशी माहिती कुठेच नसते. असे दडलेले दोष दुर्मिळ म्हणून सोडून देण्याजोगे नाहीत. २००७ साली लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी १५ लाख ३० हजार डिस्कवर ३२ महिने ठेवलेल्या नजरेत ३.४५ टक्के डिस्कवर ते आढळले. दोष असा आडवा आला तर मेगारेड आणि पर्क रीबिल्ड थांबवत नाहीत. वाचता न आलेली जागा खराब म्हणून खूण करून पुढे जातात. डेलच्या भाषेत याला पंक्चर म्हणतात. रीबिल्ड शंभर टक्क्यांवर पोचते, सगळे दिवे हिरवे होतात, आणि खराब जागा मात्र ॲरेमध्ये कायम राहते. त्यानंतर कितीही डिस्क बदलल्या तरी ती जात नाही. व्हर्च्युअल डिस्क पुसून नव्याने बांधावी लागते आणि बॅकअपवरून माहिती परत आणावी लागते. हे टाळायचे साधन आधीपासून कार्डात असते. पॅट्रोल रीड नावाचे काम मेगारेडवर ठरावीकपणे दर १६८ तासांनी पार्श्वभूमीला सगळ्या डिस्क वाचून काढते आणि सापडलेला दोष इव्हेंट लॉगमध्ये टाकते. म्हणजे गेलेली डिस्क बदलण्याआधी लॉग काढून, उरलेल्यांपैकी कुणाच्या नावावर ३/११/०० लागले आहे का एवढे पाहिले, तरी रीबिल्ड आधी की बॅकअप आधी हे ठरवता येते. हा निर्णय डिस्क आत सरकवण्यापूर्वीच घ्यायचा असतो, नंतर त्याला अर्थ उरत नाही.

याहून गंभीर प्रसंग दोन डिस्क गेल्याचा. समजा पाच डिस्कचा रेड ५ आहे. स्लॉट २ मधली डिस्क शुक्रवारी रात्री बाहेर पडली; कुणाच्या लक्षात आले नाही, काम चालू राहिले. मंगळवारी स्लॉट ४ मधली गेली आणि व्हर्च्युअल डिस्क बंद पडली. आलेल्या माणसाला दोन दिवे दिसतात, दोन्ही सारखे. पण त्या दोन डिस्कमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्लॉट ४ वरची माहिती बंद पडण्याच्या क्षणापर्यंतची आहे, स्लॉट २ वरची चार दिवस जुनी. दोन्ही काढून परत लावल्या तर कार्ड ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ दाखवते, आणि ती आयात करताना किंवा डिस्क जबरदस्तीने ऑनलाइन करताना चुकून स्लॉट २ ची निवड झाली, तर जुने आणि नवे एकमेकांत कालवले जाते. ॲरे चालू झालेली दिसते. फाइल सिस्टिमची तपासणी सुरू होते, ती या कालवलेल्या माहितीवर ‘दुरुस्त्या’ लिहीत जाते, आणि जे वाचवता आले असते तेही हातचे जाते. कुठली डिस्क आधी गेली हे इव्हेंट लॉगमध्ये सरळ लिहिलेले असते: पीडी ०२ ची अवस्था ऑनलाइन, कंसात १८, वरून फेल्ड, कंसात ११, वर गेली, त्या सुमारास व्हर्च्युअल डिस्क ऑप्टिमल ३ वरून डिग्रेडेड २ वर आली, पुढे पीडी ०४ ची तशीच ओळ आणि व्हर्च्युअल डिस्क ऑफलाइन, शून्यावर. वेळेचा घोटाळा असला तरी अनुक्रमांक खोटे बोलत नाहीत. एका संस्थेचा सगळा हिशेब राहतो की जातो हे ठरवायला या मोजक्या ओळी पुरेशा असतात. ज्या सर्व्हर रूममध्ये त्या वाचल्या जात नाहीत तिथे हा निर्णय चक्क नाणेफेकीवर सोडलेला असतो, आणि हे मला सहन होण्यासारखे वाटत नाही.

लॉगचा उपयोग डिस्क मेल्यावरच होतो असेही नाही. जुन्या पर्क कार्डांवरच्या बॅटरीची साधारण दर ९० दिवसांनी ‘लर्न सायकल’ चाले. बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरली जाई, आणि तेवढा वेळ कार्ड कॅशवर भरवसा न ठेवता प्रत्येक लेखन थेट डिस्कवर करी. वापरणाऱ्यांच्या लेखी अर्थ एवढाच, की तीन महिन्यांनी एकदा डेटाबेस अचानक रांगायला लागतो आणि काही तासांनी आपोआप बरा होतो. क्वेरी लिहिणारे आणि नेटवर्क पाहणारे एकमेकांकडे बोट दाखवत बसतात, आणि उत्तर कंट्रोलरच्या लॉगमध्ये दोन ओळींत पडलेले असते. दुसरे उदाहरण उलट टोकाचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केले, की त्यांच्या काही सास एसएसडी, एचपीडी८ आधीचे फर्मवेअर असेल तर, एकूण ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तासांनी, आणि त्यांवरची माहितीही परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. बिघाड यंत्राच्या झिजेचा नव्हता, फर्मवेअरमधल्या मोजणीचा होता. एकाच दिवशी बसवलेल्या एसएसडी अशा वेळी जवळपास एकत्रच जाणार, आणि समोर असलेला कुणीही कार्डाला किंवा विजेला दोष देणार. प्रत्येक डिस्क किती तास चालली आणि तिचे फर्मवेअर कुठले हे दाखवणारा अहवाल वेळोवेळी काढलेला असेल तरच असा धोका आधी दिसतो.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत खरा आक्षेप वेळेचा. सर्व्हर बंद आहे, काउंटरवर रांग लागली आहे, दर पाच मिनिटांनी फोन वाजतो आहे, आणि तुम्ही म्हणता आधी लॉग काढा. याचे उत्तर असे, की ज्याला यावे तसे येते त्याला हे काम काही मिनिटांचे आहे, आणि सर्व्हर मुळीच सुरू होत नसला तरी आयड्रॅक किंवा आयएलओसारख्या व्यवस्थापन पोर्टवरून बऱ्याचदा ते करता येते. त्या काही मिनिटांनी सेवा लांबते हे खरे. पण चुकीची डिस्क ऑनलाइन केल्यावर ती दिवसांनी लांबते. दुसरा आक्षेप असा, की आमच्याकडे मॉनिटरिंग आहे, बिघाड झाला की ईमेल येतो. ईमेलमध्ये निष्कर्ष असतो, त्यामागचा घटनाक्रम नसतो, आणि निष्कर्ष कार्डाने स्वतःच्या नियमांनी काढलेला असतो. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लॉगही सगळे सांगत नाही. हे कबूल केले पाहिजे. गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डिट्रिच वेबर आणि लुईझ आंद्रे बरोझो यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता ३९ पट वाढते, असे त्यांना दिसले. पण गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडले तर स्वतःच्या स्मार्ट नोंदींत कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणून लॉगवरून भविष्य वर्तवण्याचा दावा या पुस्तिकेत कुठेही नाही. दावा भूतकाळाबद्दलचा आहे. काय, कुठे आणि कुठल्या क्रमाने घडले हे सांगण्यात कंट्रोलरचा लॉग डिस्कच्या स्वतःच्या नोंदींपेक्षा पुढे असतो, कारण गप्प बसलेल्या डिस्कचे न आलेले उत्तरही तो टाइमआउट म्हणून नोंदवतो.

गोपनीयतेचा आक्षेप बँका, पतसंस्था आणि रुग्णालये नेहमी घेतात, आणि त्यांनी तो घ्यायलाच हवा. सर्व्हरमधून निघालेली झिप फाइल परदेशी कंपनीच्या हाती द्यायची, तर त्यात काय जाते आहे हे माहीत असले पाहिजे. कंट्रोलरच्या लॉगमध्ये डिस्कचे सीरियल नंबर, पत्ते, आज्ञा आणि वेळा असतात. खातेदाराची नावे किंवा रुग्णांचे अहवाल नसतात. पण संपूर्ण सपोर्ट कलेक्शनमध्ये होस्टचे नाव, आयपी पत्ते, ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती अशा गोष्टी येऊ शकतात. म्हणून फक्त स्टोरेज लॉग निवडावेत आणि ओळख पटवणारी माहिती गाळण्याचा पर्याय असेल तर तो वापरावा. मात्र लॉगच काढायचा नाही हा त्यावरचा उपाय नव्हे. काढणे आणि पाठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले केल्याने दुसरे करण्याची सक्ती होत नाही. उरला तो आक्षेप, की हार्डवेअर रेडचे दिवस सरले, आता झेडएफएस आणि सॉफ्टवेअर रेडचा जमाना आहे. जिथे डिस्क थेट ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतात तिथे ही वही कर्नलच्या लॉगमध्ये असते, एवढाच फरक. तिथेही जुन्या नोंदी फिरत्या फाइलींतून गळतात, आणि तिथेही घाई करणारी माणसे तीच असतात. शिवाय तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत किंवा साखर कारखान्याच्या कार्यालयात बसलेला सर्व्हर इतक्या लवकर बदलत नाही.

वेळेबद्दल एक सूचना इथेच द्यायला हवी, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणांत ती गृहीत धरली आहे. कंट्रोलरला सर्व्हर सुरू होताना खरी वेळ माहीत नसते. ड्रायव्हर चढून त्याने वेळ सांगेपर्यंत मेगारेडचा इव्हेंट लॉग फक्त रीबूटनंतर किती सेकंद झाले तेवढेच लिहितो. आयड्रॅकचे आणि आयएलओचे घड्याळ आणखी वेगळे. त्यांतले एक यूटीसीवर आणि ऑपरेटिंग सिस्टिम भारतीय वेळेवर असेल, तर मध्यरात्रीनंतर दोन वाजता घडलेली घटना एका ठिकाणी आदल्या दिवसाच्या रात्री साडेआठला दिसते. एसी ट्रिप झाला दोनला आणि डिस्क गेल्या साडेआठला, म्हणजे दोघांचा संबंध नाही, असा चुकीचा निष्कर्ष अशाच साडेपाच तासांच्या फरकातून निघतो. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक केले. त्यामागचा हेतू सायबर सुरक्षेचा, पण डिस्कच्या बिघाडाची उकल करतानाही त्याचा तेवढाच फायदा होतो. व्यवस्थापन पोर्टलाही एनटीपी लावून ठेवावे; ते बहुतेक ठिकाणी राहून गेलेले असते.

प्रत्यक्ष कृती पुढच्या प्रकरणांत कंपनीवार दिली आहे, म्हणून इथे तिची ओळख तेवढी करून देतो. डेलच्या सर्व्हरवर आयड्रॅकच्या मेंटेनन्स विभागातून सपोर्टअसिस्ट कलेक्शन घ्यायचे आणि त्यात स्टोरेज लॉगवर खूण करायची. ऑपरेटिंग सिस्टिम चालू असेल तर पर्कसीएलआयने इव्हेंट लॉग आणि टर्मलॉग स्वतंत्र फाइलींतही घेता येतात, आणि मी दोन्ही घ्या असे सांगेन. ब्रॉडकॉमच्या कार्डांवर हेच काम स्टोअरसीएलआय करते. दोघांच्या आज्ञा जवळपास सारख्या आहेत. एचपीईवर आयएलओमधून ॲक्टिव्ह हेल्थ सिस्टिमचा लॉग उतरवता येतो. तो थेट वाचता येत नाही, त्यासाठी त्यांचाच व्ह्यूअर लागतो, आणि उतरवताना ठरावीक मुदत फक्त ७ दिवसांची निवडलेली असते. बिघाडाचे मूळ दहा दिवसांपूर्वीचे असेल तर ते त्या फाइलमध्ये येणारच नाही, म्हणून तारखा स्वतः बदलाव्यात. त्याच्या जोडीला स्मार्ट ॲरेचा एडीयू अहवाल घ्यावा. तो उघडून वाचता येतो. एचपीई अलीकडच्या पिढ्यांत मेगारेड घराण्यातलीही कार्डे देते, त्यामुळे आधी कार्ड कुठले आहे ते पाहून मगच प्रकरण निवडावे.

फाइल कुठे ठेवायची हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण जी ॲरे मोडली आहे तिच्यावरच तिचा लॉग साठवलेला अनेकदा सापडतो. आयड्रॅक आणि आयएलओ या फाइली सरळ तुमच्या लॅपटॉपवर उतरवतात. कमांडने काढलेली फाइल मात्र सर्व्हरच्याच डिस्कवर पडते, तिथून ती लगेच नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावर किंवा पेन ड्राइव्हवर न्यावी. फाइलच्या नावात सर्व्हरचा सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर, तारीख आणि भारतीय वेळ घालावी. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल असावी: दिवा कुठल्या स्लॉटवर होता, तो पहिल्यांदा कुणी कधी पाहिला, लॉग काढण्याआधी कुणी डिस्क हलवली किंवा सर्व्हर रीस्टार्ट केला का, आणि लॉग काढल्यानंतर काय काय केले, वेळेसह. दुरुस्ती झाल्यावर, रीबिल्ड संपल्यावर, आणखी एक लॉग काढून तो त्याच फोल्डरमध्ये पहिल्याशेजारी ठेवावा.